जिप्सी १.३ + स्पीडुइनो : इंजिन तापलं की पिकअप बसतो. हवेच्या तापमानाचा सेन्सर मॅनिफोल्डमधून काढून होजमध्ये न्यावा का?

रानवाट_१३०० (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गाडी जिप्सी किंग एमपीएफआय, जी१३बीबी इंजिन, १२९८ सीसी, टर्बो नाही. मूळ ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काढून स्पीडुइनो हा ओपन सोर्स ईसीयू बसवलाय. स्पीड डेन्सिटीवर चालतो, म्हणजे मॅनिफोल्डचा (सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळकांड्याचा) दाब, आरपीएम आणि हवेचं तापमान या तिघांवरून पेट्रोल ठरतं. तापमानासाठी जीएमचा उघड्या टोकाचा सेन्सर आहे, पार्ट नंबर २५०३६७५१. प्लीनमच्या (मॅनिफोल्डच्या हवेच्या पेटीच्या) अ‍ॅल्युमिनियममध्ये ३/८ एनपीटी (पाईपचे निमुळते) आटे पाडून लावलाय. बायस रेझिस्टर (ईसीयूतला, सेन्सरचा रोध व्होल्टमध्ये वाचण्यासाठीचा) २४९० ओहम. वाइडबँड (लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा सेन्सर; १च्या खाली पेट्रोल जास्त, वर कमी) लावलेला आहे. बॉनेटखाली उघडा, शंकूच्या आकाराचा (कोन) एअर फिल्टर.

लॉग असा (बाहेर ३४ अंश) :

सकाळी इंजिन नुकतंच चालू केल्यावर सेन्सर ३६, फुल थ्रॉटलला लॅम्डा ०.८८. गाडी मस्त ओढते.

घाटात २० मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मग १२ मिनिटं बंद, मग परत चालू : सेन्सर ७४, कूलंट ९६. पहिल्या फुल थ्रॉटलला लॅम्डा ०.९५ आणि तापमानाच्या तक्त्यामुळे टायमिंग (ठिणगीची वेळ) ५ अंश मागे. गाडी अक्षरशः मेल्यासारखी. सरळ रस्त्यावर ६०च्या वेगाने चार मिनिटं गेल्यावर सेन्सर ६१पर्यंत उतरतो, त्याखाली जात नाही.

प्रश्न : १) सेन्सर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामध्ये नेला तर हे सुटेल का? २) नेमका कुठे आणि कसा बसवायचा? होज रबरी आहे. ३) ट्यून परत करावा लागेल का? ४) सेन्सर काढून त्या जागी २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा, काम झालं, असं एकाने सुचवलंय. खरं आहे का?

---

तेराचा_पाना

लॉग दिलात हे बरं केलंत, नाहीतर इथे "गाडी ओढत नाही, काय करू" एवढ्यावरच धागे निघतात.

ड्रिल हातात घ्यायच्या आधी एक ठरवा : सेन्सर खोटं बोलतोय की हवाच गरम आहे? तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहे, पण किती-किती, ते कळलं पाहिजे.

तुमच्याच आकड्यांवरून अंदाज काढता येतो. ७४ अंश म्हणजे ३४७ केल्विन. हवा तेवढी गरम आहे असं समजून ईसीयूने पेट्रोल कमी केलं. लॅम्डा ०.८८ऐवजी ०.९५ आला, म्हणजे हवा ईसीयूच्या समजुतीपेक्षा जवळपास ८ टक्के जास्त होती. ३४७ × ०.८८ ÷ ०.९५ = ३२१ केल्विन, म्हणजे ४८ अंश. तापलेला इंजेक्टर, रेलमधलं गरम पेट्रोल यांचाही थोडा हात असतो, म्हणून ४८ हा आकडा दगडावरची रेघ नाही. तरी सेन्सर २० अंशांच्या पुढे-मागे चुकतोय हे नक्की.

कारण साधं आहे. सेन्सरचं टोक हवेत असलं तरी पितळी अंग आट्यांतून थेट प्लीनमला भिडलेलं आहे आणि प्लीनम कूलंटच्या तापमानाच्या मागोमाग चालतो. हवा वेगाने वाहते तेव्हा टोकावर तिचं राज्य, हवा मंद असते तेव्हा धातूचं. घाटात पहिल्या गिअरमध्ये हवा किती वाहते? नाममात्र. तिथे सेन्सर मॅनिफोल्डचं तापमान सांगतो.

आता चाचणी. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) घ्या, उघड्या मण्याचं, बारीक तारेचं. जाड स्टीलच्या नळीतलं नको, ते तुमच्या सेन्सरसारखंच सुस्त असतं. थ्रॉटल बॉडीच्या २० सेंमी आधी होजच्या जोडातून आत सरकवा, टोक हवेच्या मधोमध, कुठेही न टेकता. जोडाची क्लिप परत आवळा आणि तार थ्रॉटलच्या पाकळीपर्यंत पोचत नाही ना, हे हाताने ओढून बघा. मग तोच घाट, तोच थांबा. तीन क्षणांचे दोन्ही आकडे लिहा : परत चालू केल्याबरोबर, ६०च्या वेगाला एक मिनिटाने आणि चार मिनिटांनी.

त्याआधी सेन्सरच तपासून घ्या. जीएमच्या या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे ३५२० ओहम, ३०ला २२३८, ४०ला १४५९, ६०ला ६६७, ८०ला ३३२. सेन्सर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवा, शेजारी थर्मामीटर धरा, मल्टिमीटरने बघा. तुमच्या २४९०च्या बायसवर ईसीयूच्या पिनला ३० अंशांना २.३७ व्होल्ट आणि ६० अंशांना १.०६ व्होल्ट दिसले पाहिजेत. इथेच घोळ असेल तर सेन्सर चंद्रावर नेऊन लावला तरी उपयोग नाही.

---

रानवाट_१३००

चाचणी केली. सेन्सरचा रोध पाण्यात बरोबर आला, व्होल्टेजही.

परत चालू केल्याबरोबर : सेन्सर ७५, थर्मोकपल ५८.
६०च्या वेगाला एक मिनिटाने : सेन्सर ६८, थर्मोकपल ४६.
चार मिनिटांनी : सेन्सर ६१, थर्मोकपल ४३.

बाहेर ३४च होतं.

---

तेराचा_पाना

मग हलवा. एका मिनिटात २२ अंशांचा फरक आणि चार मिनिटांनीही १८. हा नुसता सेन्सरचा आळस नाही. आळस असता तर चार मिनिटांत दोन्ही आकडे जवळ आले असते. हे आट्यांतून चढणारं तापमान आहे.

बाकी लेथवाले सांगतीलच, त्यांचा प्रांत.

---

लेथवाला

आलोच.

जागा : थ्रॉटल बॉडीपासून २० ते २५ सेंमी, फिल्टरच्या बाजूला. यापेक्षा जवळ नको, कारण थ्रॉटल बॉडी स्वतः कूलंटने तापते आणि आयडलला गरम वाफ मागे येते. फिल्टरला अगदी चिकटूनही नको, तिथे हवा भोवऱ्यात फिरते. आणि टॅपेट कव्हरचा ब्रीदर पाईप (इंजिनातली तेलकट वाफ बाहेर नेणारा) इनटेक होजला जिथे मिळतो, त्या जोडाच्या फिल्टरकडच्या बाजूला सेन्सर हवा. जोडाच्या पुढे लावलात तर सहा महिन्यांत टोकावर तेलाचा चिकट थर बसतो, त्यावर धूळ बसते आणि सेन्सर गोधडी पांघरून झोपतो. उघड्या टोकाचा सेन्सर घेण्याचा सगळा फायदा गेला.

कोन : पाईप समोरून घड्याळासारखा बघा. सेन्सर दोन किंवा दहाच्या जागी. खाली सहावर कधीच नको, पाणी आणि तेल तिथेच साचतं. टोक पाईपच्या मधल्या तिसऱ्या भागात आलं पाहिजे. भिंतीलगत राहिलं तर पुन्हा भिंतीचंच तापमान वाचणार.

रबरी होजमध्ये आटे पडत नाहीत आणि पाडूही नका. होज सरळ आहे तिथे कापा आणि मध्ये ७५–८० मिमी लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा घाला. बाहेरचा व्यास होजच्या आतल्या व्यासाइतका, व्हर्नियरने मोजून. दोन्ही टोकांना कड उठवून घ्या म्हणजे क्लिप सुटणार नाही. होजमधून तेवढीच लांबी कापायची जेवढी तुकड्याची उघडी राहणार आहे, नाहीतर सगळं ताणलं जाऊन फिल्टरच्या ब्रॅकेटवर जोर येतो. जिप्सीत इंजिन हलतं आणि फिल्टर बॉडीला बांधलेला असतो, त्यामुळे थ्रॉटलकडचा रबराचा भाग लवचिक राहू द्या.

पाईपची भिंत असते दीड मिमीची, तिच्यात ३/८ एनपीटीचा एकही धड आटा बसत नाही. १२ मिमी उंचीचा अ‍ॅल्युमिनियमचा बॉस (आटे पाडायला जाड ठोकळा) लेथवर करून घ्या, बूड पाईपच्या गोलाईला बसेल असं घासून घ्या आणि टिगने वेल्ड करा. आधी वेल्ड, मग टॅप. उलट केलंत तर उष्णतेने आटे वाकडे होतात. एनपीटीसाठी ड्रिल ३७/६४ इंच, म्हणजे सुमारे १४.७ मिमी. एनपीटी टॅप निमुळता असतो, त्यामुळे किती खोल जायचं हे तुम्हीच ठरवायचं असतं. थोडा टॅप मारा, सेन्सर लावून बघा, परत मारा. सेन्सर हाताने तीन ते चार फेरे गेला पाहिजे, मग पान्याने दीड-दोन. सरसकट टॅप आरपार घातलात की सेन्सर आत घसरत जातो आणि बॉस वाया. अ‍ॅल्युमिनियमला टॅप मारताना रॉकेल सोडत राहा, प्रत्येक फेऱ्याला अर्धा फेरा मागे. कोरड्याने मारलात तर टॅप आतच तुटेल आणि मग काढत बसा.

टेफ्लॉन टेप दोन वेढे, पहिला आटा मोकळा सोडून. सेन्सर दोन वायरींचा आहे, अंगातून अर्थ घेत नाही, त्यामुळे टेपने काही बिघडत नाही.

बॉस करायचा नसेल तर जीएमचाच ग्रोमेटमध्ये दाबून बसणारा प्लास्टिक अंगाचा प्रकार मिळतो. टर्बो नसलेल्या गाडीला तो उलट जास्त चांगला, कारण प्लास्टिक आणि रबर उष्णता फारशी पुढे देत नाहीत. टर्बोच्या गाडीला मात्र नको, दाबाने बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. एपॉक्सी पुट्टीने सेन्सर चिकटवायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. फिल्टरच्या पुढे सुटलेला तुकडा थेट व्हॉल्व्हवर जातो, मध्ये कुणी चौकीदार नाही.

आणि प्लीनममधलं जुनं भोक! ३/८ एनपीटीचा प्लग तयार मिळतो, तो लावा. बूच, बोल्ट-आणि-टेप असले प्रकार केलेत तर हवा चोरून आत येईल, आयडल चढेल आणि तुम्ही आठवडाभर सेन्सरला दोष देत बसाल.

---

कोयना_काठ

वायरिंगचं कुणी बोललं नाही म्हणून.

जुना कनेक्टर कापू नका. त्याच जातीचा जोडीचा कनेक्टर घेऊन मधली लांबी वेगळी बनवा, म्हणजे उद्या परत जुन्या जागी जायचं झालं तर पाच मिनिटांचं काम. वायर ०.५ चौ.मिमी पुरते, दोन्ही एकमेकींत पिळून घ्या. इग्निशन कॉइल आणि प्लगच्या वायरींपासून हातभर लांब न्या. वायरच्या स्वतःच्या रोधाची काळजी नको : मीटरभर वायरीला ओहमचे फार तर चार शतांश धरा, समोर सेन्सर शेकड्यांत आहे.

खरी चूक इथे होते : दुसरी वायर ईसीयूच्या सेन्सर-अर्थला न नेता जवळच्या बॉडीच्या बोल्टला लावतात. "अर्थ तो अर्थ." नाही हो! हेडलाइट आणि पंखा चालू असताना बॉडी आणि ईसीयू यांच्यात ०.१ व्होल्टचा फरक सहज पडतो. तुमच्या बायसवर ६० अंशांना तेवढ्याने तापमान तीनेक अंश आणि ८०ला पाचेक अंश कमी दिसतं. पंखा सुरू झाला की हवा "थंड" होते असा विनोदी लॉग दिसतो, तो याचमुळे.

सेन्सरजवळ वायरीला खाली झोळ देऊन मग कनेक्टरमध्ये घ्या, म्हणजे पाणी झोळातून टपकेल, कनेक्टरमध्ये उतरणार नाही. जिप्सी आहे, ओढ्यात घालणारच तुम्ही. सांधे क्रिंप करून वर गोंदवाली हीट श्रिंक.

वायर तुटली तर काय होतं तेही माहीत असू द्या. पिनला ५ व्होल्ट जातात, ईसीयूला उणे चाळीसच्या आसपास हवा दिसते आणि तो धडाधड पेट्रोल ओततो : काळा धूर, प्लग ओले. शॉर्ट झाली तर उलट, हवा भट्टीसारखी दिसते आणि मिश्रण लीन (पेट्रोल कमी). धूर निदान दिसतो तरी, लीन झालेलं दिसत नाही.

---

लॅम्डा_पंच्याऐंशी

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. हो, ट्यून परत करावाच लागेल आणि हाच भाग लोक गाळतात.

सेन्सर हलवल्यावर त्याच परिस्थितीत ईसीयूला ६१ऐवजी ४३ दिसणार. ३३४ ÷ ३१६, म्हणजे पावणेसहा टक्के जास्त पेट्रोल. व्हीई तक्त्यातल्या (सिलिंडर हवेने किती भरतो ते सांगणारा तक्ता) ज्या खान्यांचं ट्यूनिंग तापलेल्या सेन्सरवर झालं असेल, ती सगळी तेवढी रिच (पेट्रोल जास्त) होतील. जी सकाळच्या गारव्यात झाली ती बरोबर राहतील. म्हणजे तक्ता चट्ट्यापट्ट्यांचा. सेन्सर हलवल्यावर "गाडी उडायला लागली" असं सांगणाऱ्या अर्ध्या लोकांची गाडी आधी लीन होती, एवढाच त्याचा अर्थ असतो.

क्रम असा ठेवा.

जुना ट्यून वेगळ्या नावाने जपून ठेवा. सेन्सर तोच आहे, म्हणून कॅलिब्रेशनला हात लावू नका. हवेच्या घनतेचा तक्ता भौतिकशास्त्राप्रमाणेच राहू द्या : २० अंशांना १००, ४०ला ९४, ६०ला ८८, ८०ला ८३. आधी कुणी गरम बाजूला आकडे चढवून ठेवले असतील (तापलेल्या सेन्सरचं दुखणं झाकायला असं करतात) तर ते आता काढा.

मग व्हीई. जास्त भाराची खानी चालत्या गाडीत, सेन्सर ३५ ते ४५ आणि कूलंट ८० ते ९५ असतानाच दुरुस्त करा. त्या पट्ट्याबाहेरचा लॉग गाळून टाका. आयडल आणि रांगण्याची खानी मात्र इंजिन पूर्ण तापल्यावर. कारण तिथे हवा मॅनिफोल्डमध्ये रेंगाळते आणि खरोखर तापते, जे आता होजमधल्या सेन्सरला दिसणारच नाही. तो फरक त्या खान्यांच्या आकड्यांतच मुरला पाहिजे. मेगास्क्वर्ट या दुसऱ्या ईसीयूमध्ये यासाठी वेगळी सोय आहे : कूलंट आणि हवा यांचं तापमान वाहत्या हवेच्या प्रमाणात मिसळणारा तक्ता. हवा मंद तेव्हा कूलंटचा वाटा जास्त, फुल थ्रॉटलला नगण्य. उदाहरणार्थ हवा ४०, कूलंट ९०, वाटा ०.४ धरला तर आत जाणारी हवा ६०, वाटा ०.१ धरला तर ४५. तुमच्याकडे हे काम व्हीई तक्ता करेल. इंजिन एकदा तापल्यावर कूलंट तसंही स्थिरच असतं, त्यामुळे चालून जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टायमिंग. तापमानावरून टायमिंग मागे घेणारा तुमचा तक्ता जुन्या, फुगलेल्या आकड्यांसाठी लिहिलेला होता. आता ७४ कधी दिसणारच नाही, म्हणजे ५ अंशांचं संरक्षण गुपचूप गेलं. तक्ता खाली सरकवा. सुरुवातीला असं ठेवा : ४०पर्यंत शून्य, ५०ला १, ६०ला ३, ७०ला ५. मग नॉक (मिश्रण आपोआप पेटून होणारी कडकड) ऐकून ठरवा. ब्लॉकला नॉक सेन्सर किंवा पिएझो चकती बोल्टने आवळून हेडफोनवर ऐका, तिसरा गिअर, चढ, २००० ते ३०००च्या मध्ये पूर्ण थ्रॉटल. कडकड आली की त्या खान्यात २ अंश मागे आणि मग पुढची चाचणी. पंपावर जे ऑक्टेन नेहमी भरता त्यावरच ट्यून करा. जास्त ऑक्टेनवर करून नंतर कमी ऑक्टेनचं भरू नका.

आणि एएफआरच्या (हवा-पेट्रोलच्या वजनाच्या प्रमाणाच्या) आकड्यांत अडकू नका, लॅम्डाच बघा. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं योग्य मिश्रण १४.७ला नसतं, साडेतेराच्या आसपास असतं. लॅम्डा १ म्हणजे १, पेट्रोल कुठलंही असो.

---

विदर्भ_४५

चौथ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. रेझिस्टर लावू नका.

२.२ किलोओहम म्हणजे तुमच्या सेन्सरच्या भाषेत ३० अंश. कायमचे. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, रांगेत बॉनेटखालची हवा ६० धरा. ईसीयूला दिसणार ३०. पेट्रोल १० टक्के जास्त आणि टायमिंग एक अंशही मागे नाही. म्हणजे नॉकिंग नेमकं जेव्हा होतं तेव्हाच पहारेकऱ्याला घरी पाठवलं. डिसेंबरात पहाटे १० अंश असताना उलट, साडेसहा टक्के लीन, गाडी चोक मागितल्यासारखी खोकणार.

ऑनलाइन जे "पॉवर चिप" म्हणून डबीत घालून विकतात त्यांतल्या कित्येकांत हेच असतं : चार आण्याचा रेझिस्टर आणि एक एलईडी. कंपनीच्या ईसीयूवर ऑक्सिजन सेन्सर चालू असेपर्यंत क्रूझिंगला तो रिचपणा काढून टाकला जातो, फुल थ्रॉटलला मात्र राहतो. म्हणून पहिले दोन दिवस "फरक पडला" वाटतं.

---

फुकटचा_सल्ला

सगळं वाचलं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे.

धागाकर्त्याच्या आकड्यांत सेन्सरपेक्षा मोठी गोष्ट लपलीय. बाहेर ३४, होजमधली खरी हवा ६०च्या वेगाला ४३ आणि थांब्यानंतर ५८. ३०७ ÷ ३१६ म्हणजे तीनेक टक्के हवा कमी आणि थांब्यानंतर ३०७ ÷ ३३१, सात टक्क्यांहून जास्त. ही ताकद सेन्सर कुठेही लावलात तरी परत येणार नाही, कारण ती सेन्सरने खाल्लेलीच नाही. बॉनेटखालच्या उघड्या कोन फिल्टरने खाल्लीय. तो रेडिएटरमागची गरम हवा ओढतो.

सेन्सर हलवा, जरूर हलवा, पण सोबत हे करा. फिल्टरभोवती पत्र्याचा किंवा एबीएसचा डबा, वर बॉनेटला टेकणारी रबरी पट्टी. डब्याला बाहेरची हवा फेंडर किंवा ग्रिलच्या कडेने, किमान होजच्याच व्यासाच्या नळीने. बारीक नळी लावलीत तर डबा गुदमरतो आणि पुन्हा गरम फटीतून ओढायला लागतो. नळीचं तोंड बंपरच्या खाली नेऊ नका. ओढ्यातलं पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, सेन्सरचा प्रश्नच मिटतो. स्नॉर्केल असेल तर उत्तमच, तो थंड हवाही देतो आणि उंचीही.

दुसरं : थ्रॉटल बॉडी आणि प्लीनम यांच्यामध्ये ६ ते ८ मिमी जाडीच्या हायलम शीटचा स्पेसर. बोल्ट तेवढे लांब घ्या, दोन्ही बाजूंना गॅस्केट आणि आतलं भोक थ्रॉटलच्या भोकाशी बरोबर जुळवा, कड आत डोकावता कामा नये. हायलम थ्रॉटलपर्यंतची उष्णता अडवतं, मॅनिफोल्डची नाही, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको.

थ्रॉटल बॉडीचं कूलंट बायपास करायचं लोक सुचवतात : दोन्ही नळ्या पितळी जोडाने एकमेकींना जोडायच्या. सह्याद्रीत थ्रॉटल गोठत नाही, म्हणून चालतं. पण काही थ्रॉटल बॉडींत थंड इंजिनाचा आयडल वाढवणारा मेणाचा व्हॉल्व्ह याच कूलंटवर चालतो. तो गरमच झाला नाही तर आयडल कायमचा चढलेला राहतो. आधी बघा, मग कापा. स्पितीला-लडाखला जायचा बेत असेल तर हात लावू नका.

---

रानवाट_१३००

सगळ्यांचे आभार. डबा आणि सेन्सर दोन्ही एकदमच करतो. लेथवाले, ब्रीदरचा जोड थ्रॉटलपासून २८ सेंमीवर आहे. मग २० सेंमीवर लावला तर तो जोडाच्या थ्रॉटलकडच्या बाजूला येतो. कुठला नियम मोडू?

शेजारच्याकडे पोलो टीएसआय आहे, तोही विचारतोय त्याचा सेन्सर हलवता येईल का म्हणून.

---

लेथवाला

२० सेंमीचा. ब्रीदरच्या पलीकडे ३३–३५ सेंमीवर लावा, काही फरक पडत नाही. तेलाचा नियम मोडू नका. नाहीतर ब्रीदरला आधी तेल-वाफ अडवणारी डबी लावा, मग २० सेंमीवरही चालेल, पण ती डबी दर सर्व्हिसिंगला रिकामी करावी लागते आणि कुणी करत नाही.

---

कोयना_काठ

पोलोवाल्यांना सांगा, हात लावू नका.

१.२ टीएसआयमध्ये पाण्यावर चालणारा इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो आणि दाब व तापमान एकत्र मोजणारे सेन्सर आहेत : एक इंटरकूलरच्या आधी, एक नंतर. अशा जोडसेन्सरला चार वायरी असतात. तो होजमध्ये नेलात तर तापमानासोबत दाबही चुकीच्या जागेचा जाईल आणि ईसीयूची सगळी गणितं कोसळतील. ज्या गाड्यांत हवेचं वस्तुमान मोजणारा सेन्सर असतो, त्यांत तापमानाचा सेन्सर बहुधा त्यातच बसवलेला असतो, फिल्टरच्या जवळ. तिथे हलवण्यासारखं काही नाहीच.

टर्बोबद्दल एक गोष्ट सगळ्यांसाठी. तिथे सेन्सर इंटरकूलरनंतर, बस्स. "थंड जागा" शोधत टर्बोच्या आधी लावणारेही दिसतात. अर्धा बार बूस्ट आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ३५ अंशांची हवा टर्बोतून ८९ची होऊन निघते. सेन्सर सांगणार ३५. पिस्टनच्या कडा वितळायला एक चढ पुरतो.

---

तेराचा_पाना

रानवाट, डबा आणि सेन्सर एकदम करू नका हो. आधी सेन्सर, त्यावर तीच घाटाची चाचणी, तेच तीन आकडे. मग डबा, मग पुन्हा चाचणी. एकदम केलंत तर कशाने किती फरक पडला ते कळणार नाही आणि व्हीईचं ट्यूनिंगही दोनदा करायचं ते एकदाच, पण गोंधळलेलं होईल. थर्मोकपल तोवर होजमध्येच राहू द्या, नवा सेन्सर त्याच्या दोन-तीन अंशांत आला पाहिजे. आला नाही तर टोक भिंतीला टेकलंय किंवा अर्थ बॉडीवर घेतलाय.

आणि काम झाल्यावर पीयूसी करून घ्या. आयडलची खानी बदलली की सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा बदलतो.